मूर्ती कुठून आली? आग्नेय आशियातल्या वस्तूंचा माग काढून त्या परत करण्याची रीत

कंबोडियाच्या उत्तर भागात कोह केर नावाचं ठिकाण आहे. दहाव्या शतकात जयवर्मन चौथा या राजाने अंगकोर सोडून काही वर्षं इथे राजधानी वसवली होती. तिथल्या प्रासात चेन या देवळात महाभारतातलं गदायुद्ध नऊ मूर्तींतून उभं केलेलं होतं. मध्ये भीम आणि दुर्योधन, भोवती पाहणारे, आणि त्यांत बलरामही. यादवीच्या काळात चोरांनी या मूर्ती घोट्यापाशी तोडून नेल्या. पादपीठं जमिनीतच राहिली आणि त्यांच्यावर दगडी पावलंही तशीच राहिली.

मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीजने यांतला दुर्योधन लिलावात काढला. अपेक्षित किंमत २० ते ३० लाख डॉलर होती. मूर्तीला पावलं नव्हती. फ्रान्सच्या ईएफईओ या संशोधनसंस्थेचे पुरातत्त्वज्ञ एरिक बूर्दोनो यांनी प्रासात चेनमधल्या पादपीठांचा अभ्यास केलेला होता, त्यामुळे ही मूर्ती कुठल्या पावलांवर उभी होती हे सांगता आलं. कंबोडियाने युनेस्कोमार्फत हरकत घेतली आणि लिलाव थांबला. अमेरिकी सरकारने एप्रिल २०१२ मध्ये दावा लावला, डिसेंबर २०१३ मध्ये तडजोड झाली आणि २०१४ मध्ये दुर्योधन घरी गेला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या नॉर्टन सायमन म्युझियममधला भीम आणि क्रिस्टीज या लिलावसंस्थेकडून बलरामही परतला.

हा लेख संग्रहालयात काम करणाऱ्यांसाठी, संग्रहालयशास्त्र शिकणाऱ्यांसाठी आणि परदेशातल्या संग्रहालयांत नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी आहे. तुमच्या भांडारात ख्मेर (म्हणजे कंबोडियाच्या जुन्या राज्यातल्या), थाई, चाम (म्हणजे आजच्या व्हिएतनाममधल्या जुन्या चंपा राज्यातल्या) किंवा जावातल्या वस्तू असतील तर त्यांचं काय करायचं, कुठून सुरुवात करायची, हे यात सांगितलं आहे. माझी भूमिका आधीच सांगते. वस्तू आपल्याकडे कशी आली हे दाखवायचं ओझं ती बाळगणाऱ्या संग्रहालयावर असावं. ज्यांचं देऊळ लुटलं गेलं त्या गावाने वकील लावून पुरावे आणावेत, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. शिवाय हे काम मागणीचं पत्र येण्याची वाट न पाहता सुरू व्हायला हवं.

आधी कुठल्या वस्तू बाहेर काढायच्या

सगळा संग्रह एका वेळी तपासणं कुणालाच जमत नाही. दाखल नोंदवही घ्या आणि तीन प्रश्नांनी ती चाळा. वस्तू देशाबाहेर केव्हा पडली? कोणाच्या हातून आली? तिच्या अंगावर काय दिसतं?

काळाचा प्रश्न पहिला. कंबोडियात १९७० मध्ये यादवी पेटली, १९७५ ते १९७९ ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट होती आणि लढाई १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत धुमसत राहिली. या वर्षांत पाश्चिमात्य बाजारात पहिल्यांदाच दिसलेली ख्मेर मूर्ती संशयास्पदच धरा. थायलंडच्या ईशान्य भागातून १९६० च्या दशकात खूप माल बाहेर गेला, म्हणून तिथल्या वस्तूंसाठी घड्याळ आणखी मागे न्यावं लागतं. इंडोनेशियाची गोष्ट निराळी आहे. तिथल्या कित्येक वस्तू वसाहतीच्या काळात, लढाईनंतर किंवा अधिकाऱ्यांच्या मर्जीने गेल्या. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

दुसरा प्रश्न नावांचा. आग्नेय आशियाच्या बाबतीत एक नाव सगळ्यात आधी शोधा: डग्लस लॅचफर्ड. हा इंग्रज १९३१ मध्ये मुंबईत जन्मला. पुढे बँकॉकला स्थायिक होऊन त्याने दशकानुदशकं ख्मेर मूर्ती जगभर विकल्या आणि दान केल्या. त्याने एका अमेरिकी संशोधिकेसोबत ख्मेर कलेवर ग्रंथ काढले. २००८ मध्ये कंबोडियाच्या सरकारने त्याला मानाचा किताबही दिला. २०१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर तस्करीचे आरोप ठेवले गेले. खटला उभा राहण्याआधीच ऑगस्ट २०२० मध्ये तो वारला. नंतर त्याच्या मुलीने त्याचा संग्रह कंबोडियाला द्यायचं मान्य केलं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यातले ७७ सुवर्णालंकार नॉम पेन्हला पोहोचले. एखाद्या माणसाचा नावलौकिक, त्याची पुस्तकं, त्याला मिळालेले सन्मान यांतलं काहीच मालकीचा पुरावा ठरत नाही, हे या माणसाकडे पाहून नीट कळतं.

तिसरा प्रश्न वस्तूच्या अंगाचा. घोट्यावर सरळ तुटलेले पाय, मानेवर ताज्या छिन्नीच्या खुणा, कोरलेल्या वस्त्राच्या घड्यांमध्ये अडकलेली माती. आणखी एक खूण लोक हमखास विसरतात: एकाच मूर्तीचे भाग वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या दात्यांकडून आलेले असणं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधले गुडघे टेकलेले दोन सेवक असेच आले होते. शिरं १९८७ आणि १९८९ मध्ये, धडं १९९२ मध्ये. डोकं आधी आणि धड नंतर मिळतं, याचा अर्थ कुणाला तरी दोन्ही कुठे आहेत हे ठाऊक होतं. ते सेवकही प्रासात चेनचेच निघाले आणि २०१३ मध्ये परत गेले.

या तीन चाळण्यांतून ज्या वस्तू उरतील त्यांपासून सुरुवात करा. एका विक्रेत्याकडून आलेल्या सगळ्या वस्तू एकत्र तपासा, म्हणजे एकीच्या फाइलमधला पत्ता किंवा सही दुसरीच्या फाइलमध्ये उपयोगी पडते.

फाइल कशी वाचायची

प्रत्येक वस्तूसाठी एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात त्या तारखेला वस्तू कुठे आणि कुणाकडे होती, तिसऱ्यात हे आपल्याला कशावरून कळलं, आणि चौथ्यात तो कागद प्रत्यक्ष केव्हा लिहिला गेला. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. १९९५ साली विक्रेत्याने लिहून दिलेलं पत्र, ज्यात वस्तू १९६६ पासून अमुक गृहस्थांकडे होती असं म्हटलंय, हा १९६६ चा पुरावा नाही. तो १९९५ चा, आणि विकणाऱ्याचा, शब्द आहे. बहुतेक फाइलींमध्ये हे दोन काळ एकमेकांत मिसळून गेलेले असतात. ते वेगळे केले की अर्धा इतिहास विरघळतो.

लॅचफर्डवरच्या आरोपपत्रात याच युक्तीचं वर्णन आहे. एका संग्राहकाच्या नावावर जुना मालकी-इतिहास रचायचा, तशी पत्रं तयार करायची आणि खरेदीदाराच्या हाती द्यायची. त्याच वेळी खासगी ईमेलमध्ये मूर्ती नुकतीच जमिनीतून निघाली आहे आणि अजून सीमेपलीकडे आहे, असं उत्साहाने लिहायचं. म्हणून फाइलमधल्या प्रत्येक नावाबद्दल विचारा: हा माणूस खरोखर होता का, त्या वर्षी जिवंत होता का, त्या गावात राहत होता का? "जुना युरोपीय खासगी संग्रह" असं मोघम लिहिलेलं असेल तर तक्त्यात ती ओळ रिकामी समजा. वस्तू छापून आली आहे ती विक्रेत्याच्याच ग्रंथात असेल तर तीही स्वतंत्र साक्ष नाही.

कुठले कागद शोधायचे? खरेदीचं बिल, विमा, जहाजाची किंवा विमानाची मालपत्रं, सीमाशुल्काचे अर्ज, दात्याशी झालेला पत्रव्यवहार, करसवलतीसाठी केलेलं मूल्यांकन, डागडुजीच्या नोंदी, आणि वस्तू आली त्या दिवशीचे फोटो. डागडुजीच्या नोंदी सहसा वेगळ्या खोलीत, वेगळ्या कपाटात असतात आणि त्या कुणी वाचत नाही. पण वस्तू आली तेव्हा तिच्यावर किती माती होती, तुटलेला भाग किती ताजा दिसत होता, हे तिथेच लिहिलेलं सापडतं. निवृत्त झालेल्या सहकाऱ्यांना भेटा. लोकांच्या डोक्यात असलेली माहिती कागदावर यायच्या आत निघून जाते.

ज्या जमिनीतून ती निघाली ती जमीन

या कामाचा गाभा इथे आहे, आणि बहुतेक संग्रहालयं नेमकी हीच पायरी गाळतात. कागद चाळून ती थांबतात, कारण कागद आपल्याच इमारतीत असतात. पण चोराने कागद मागे ठेवलेला नसतो. पावलं, खड्डे, पादपीठावरच्या खाचा आणि गावकऱ्यांची आठवण त्याला बरोबर नेता येत नाही.

पहिली गोष्ट, जुने फोटो. ईएफईओची स्थापना १९०० ची आहे आणि तिच्याकडे अंगकोर व आसपासच्या देवळांच्या फोटोंचा मोठा साठा आहे. कोह केरची सुमारे तीन टन वजनाची गणेशमूर्ती चोरीपूर्वी जागेवर नोंदली गेली होती. ती ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने कंबोडियाला सोपवलेल्या ३० वस्तूंमध्ये होती. त्याच खेपेत मोरावर बसलेला स्कंदही होता, जो १९९७ मध्ये कोह केरच्याच प्रासात क्राचाप देवळातून चोरीला गेला होता. थायलंडमध्ये ललितकला विभागाने पूर्वी केलेल्या पाहण्यांचे फोटो असेच मोलाचे ठरले. सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममधल्या दारावरच्या दोन कोरीव दगडी पट्ट्या बुरीराम आणि सा केओ प्रांतांतल्या देवळांच्या आहेत, हे त्या पट्ट्या देवळावर असतानाच्या फोटोंवरून दिसलं.

दुसरी गोष्ट, जुळणी. मूर्तीच्या तुटलेल्या पृष्ठभागाचं त्रिमितीय स्कॅन करा आणि ते संबंधित देशाच्या पुरातत्त्वज्ञांना पाठवा. जागेवर राहिलेल्या तुकड्याचं स्कॅन ते करतील. दोन्ही पडद्यावर एकत्र बसवून पाहता येतात. हे स्कॅन मागण्याची वेळ समोरच्यावर येऊ देऊ नका. दगडाचं पृथक्करण उपयोगाचं असतं, पण वालुकाश्माची खाण कळली म्हणून देऊळ कळत नाही. तुटलेल्या कडा जास्त बोलतात.

एक कडक सूचना: तपास संपेपर्यंत मूर्ती साफ करू नका. घड्यांतली माती, मुळांच्या खुणा, जुन्या चुन्याचे अवशेष हा सगळा पुरावा आहे. एका ब्रशने तो कायमचा जातो. बसवलेला आधुनिक आधार काढायचाच असेल तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या आणि गोंद, लोखंडी खुंट्या, भरलेला मसाला यांची नोंद ठेवा.

तिसरी गोष्ट, माणसं. कंबोडियाच्या तपासपथकाने ज्या माणसांशी बोलून सगळ्यात जास्त मिळवलं ते माजी चोर होते. त्यांतला एक जण तरुणपणी टोळी चालवायचा. तपासात त्याला "सिंह" या टोपणनावाने ओळखत. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तो पथकाला देवळोदेवळी घेऊन गेला आणि कुठून काय काढलं ते दाखवत राहिला. २०२१ मध्ये तो वारला. कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये लॅचफर्डकडून १५ लाख अमेरिकी डॉलरला घेतलेल्या तीन चाम ब्राँझमूर्ती १९९४ मध्ये त्बौंग ख्मुम भागातल्या शेतातून निघाल्या होत्या, हे कंबोडियाच्या या मेहनतीतून पुढे आलं. मेट म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे १९८८ मध्ये आलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्तीबाबतही असंच झालं. तिला थायलंडमध्ये "गोल्डन बॉय" म्हणतात, आणि ती बुरीराममध्ये सापडल्याची आठवण तिथल्या गावकऱ्यांनी जपली होती. मे २०२४ मध्ये ती बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचली.

अशा मुलाखती तुम्ही स्वतः जाऊन घेऊ नका. तो त्या देशाच्या सरकारचा आणि तिथल्या संशोधकांचा अधिकार आहे, आणि गावात परक्याने जाऊन विचारपूस केली तर माणसं बोलायची बंद होतात. तुमचं काम त्यांना साहित्य पुरवण्याचं. चांगले फोटो द्या. त्यांत तुमच्या मूर्तीबरोबर दुसऱ्या चार-पाच मूर्तींचे फोटो मिसळा, म्हणजे ओळख पटली तर ती खरी म्हणता येईल. साक्षीदाराचं नाव तुमच्या सार्वजनिक कागदपत्रांत येणार नाही, हे लेखी ठरवा. साक्षीसाठी पैसे देऊ नका.

गावातले लोक या मूर्तींकडे कसं पाहतात हेही विचारा. कंबोडियाच्या खेड्यांत जागेचं रक्षण करणारे नेआक ता नावाचे आत्मे मानतात आणि जुन्या मूर्तींमध्ये त्यांचा वास आहे असं समजतात. आपल्याकडे वेशीवरच्या म्हसोबाला कुणी "कलाकृती" म्हणत नाही, तसंच. ही माहिती तुमच्या फाइलमध्ये वैज्ञानिक अहवालाच्या शेजारी असायला हवी, कारण पॅकिंगपासून स्वागतापर्यंतचे निर्णय तिच्यावर अवलंबून असतात.

कायदा, थोडक्यात

१९७० च्या युनेस्को करारापासून सुरुवात करा. कंबोडियाने तो १९७२ मध्ये स्वीकारला, भारताने १९७७ मध्ये, अमेरिकेने त्यासाठी १९८३ मध्ये कायदा केला. अमेरिकी कलासंग्रहालय संचालकांच्या संघटनेने २००८ पासून नोव्हेंबर १९७० ही तारीख नव्या खरेदीसाठी उंबरठा मानली. पण १९७० च्या आधीचं सगळं माफ, असा याचा अर्थ नाही. दुर्योधनाच्या खटल्यात सरकारी पक्षाने फ्रेंच अमदानीतल्या हुकुमांचा आधार घेतला होता. मूर्ती राज्याच्या मालकीच्या असल्याचं ते हुकूम आधीपासून सांगत होते. थायलंडमध्येही परवान्याविना पुरावस्तू बाहेर नेण्यावर निदान १९३० च्या दशकापासून बंधन आहे. त्या देशाचा कायदा त्या वर्षी काय म्हणत होता, हे तिथल्या वकिलाकडूनच समजून घ्या.

वसाहतीच्या काळातल्या वस्तूंना हे कायदे बहुतेक वेळा लागत नाहीत, कारण त्या काळी कायदा लुटणाऱ्याच्याच हातात होता. तिथे धोरण लागतं. नेदरलँड्सने २०२१ मध्ये ठरवलं की मूळ देशाच्या लोकांच्या इच्छेविरुद्ध नेलेल्या वस्तू बिनशर्त परत करायच्या, आणि त्यासाठी स्वतंत्र समिती नेमली. २०२३ मध्ये इंडोनेशिया आणि श्रीलंकेला मिळून ४७८ वस्तू देण्याचं जाहीर झालं. त्यांत १८९४ च्या डच लष्करी मोहिमेत लुटलेला लोंबोक बेटावरचा खजिना होता आणि पूर्व जावातल्या सिंघसारीच्या दुर्गा, महाकाल, नंदीश्वर आणि गणेश या मूर्तीही होत्या. त्या मूर्ती एका डच अधिकाऱ्याने १९ व्या शतकाच्या सुरुवातीला देवळातून काढून स्वतःच्या बागेत नेल्या होत्या. त्या वेळी कुठलाही कायदा मोडला गेला नसेल, पण कुणाची परवानगीही घेतलेली नव्हती, आणि निर्णयाला तेवढं पुरेसं ठरलं. मला हे तत्त्व पटतं आणि प्रत्येक संग्रहालयाने ते आपल्या लेखी धोरणात घ्यावं असं वाटतं.

पहिलं पत्र

वकिलाचा सल्ला घ्या, पण पहिलं पत्र वकिलाला लिहू देऊ नका. वकिली पत्रात "कुठलीही जबाबदारी मान्य न करता" हे वाक्य पहिल्या परिच्छेदात येतं आणि संवाद तिथेच थिजतो.

पत्र योग्य दारी जायला हवं. कंबोडियात संस्कृती व ललितकला मंत्रालय, थायलंडमध्ये संस्कृती मंत्रालयाखालचा ललितकला विभाग, इंडोनेशियात संस्कृती मंत्रालय. प्रत दूतावासाला. ओळखीच्या प्राध्यापकामार्फत खासगीत विचारणं टाळा. नंतर कोण कोणाशी काय बोललं यावरून गैरसमज होतात.

पत्रात पाच गोष्टी हव्यात: वस्तूचं वर्णन आणि मोठे, स्पष्ट फोटो; ती आपल्याकडे केव्हा व कुणाकडून आली; तुम्ही केलेला पूर्ण तक्ता, रिकाम्या ओळींसकट; आपल्याला कुठे शंका आहे ते; आणि तपासात सहभागी होण्याचं निमंत्रण. अटी घालू नका. "आम्ही परत देऊ, पण तुमच्याकडे अमुक तापमानाचं दालन हवं" असं लिहिणाऱ्यांची मला चीड येते. नॉम पेन्हचं राष्ट्रीय संग्रहालय १९२० पासून उभं आहे आणि ख्मेर मूर्ती कशी सांभाळायची हे तिथल्या लोकांना आपण शिकवायची गरज नाही. मदत हवी का असं विचारावं, आणि त्यांनी मागितली तर द्यावी.

दुसऱ्या बाजूने पत्र येण्याची वाट पाहिली तर काय होतं हे सॅन फ्रान्सिस्कोच्या पट्ट्यांवरून दिसतं. थायलंडच्या वाणिज्यदूतांनी त्या २०१६ मध्ये पाहिल्या. तपास, समित्या आणि मग ऑक्टोबर २०२० मध्ये थेट अमेरिकी सरकारचा दावा, असं करत त्या मे २०२१ मध्ये परतल्या. निर्णयाला लागणारा वेळ म्हणजे संग्रहालयाला सावधगिरी वाटते. बाहेरून तो टाळाटाळीसारखाच दिसतो.

विश्वस्तांपुढे

वस्तू द्यायची तर ती आधी नोंदवहीतून रीतसर कमी करावी लागते. विश्वस्तांच्या टिपणात तीन गोष्टी पुरतात: तपासाचे निष्कर्ष, संस्थेच्या धोरणातलं कलम, आणि न दिल्यास काय होईल. दात्याने देणगीपत्रात अट घातली असेल तर ती तपासा. मात्र जे दात्याच्या मालकीचं नव्हतं त्यावर त्याची अट टिकत नाही, हे टिपणात स्पष्ट लिहा. दात्याच्या कुटुंबाला बातमी वर्तमानपत्रातून कळू देऊ नका. काही संस्थांचे हात कायद्यानेच बांधलेले असतात. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्यामुळे संग्रहातली वस्तू देऊन टाकण्यावर फार कडक बंधनं आहेत. तुमच्या संस्थेचा कायदा कुठला, हे पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवा.

दालनात तोपर्यंत काय करायचं

संशय आला की मूर्ती गुपचूप भांडारात हलवायची, ही सवय वाईट आहे. लोकांना ती दिसेनाशी होते आणि दबावही नाहीसा होतो. मूळ देशाची हरकत नसेल तर ती दालनातच ठेवा आणि पाटी बदला. पाटी अशी लिहिता येईल:

"ही मूर्ती कंबोडियातल्या कोह केर इथली असावी. १९८० च्या दशकात ती आमच्याकडे विक्रेत्यामार्फत आली. ती देशाबाहेर कशी गेली याचा कागद आमच्याकडे नाही. कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयासोबत तपास चालू आहे."

"अज्ञात ठिकाण" असं लिहून मोकळं होऊ नका. आपल्याला काय माहीत आहे आणि कुठे थांबावं लागलं हे प्रेक्षकाला कळू द्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच संग्रहालयाने २०२४ च्या अखेरीस बुरीराममधल्या प्लाय बात देवळाशी जोडलेल्या ब्राँझमूर्तींवर प्रदर्शन मांडलं, ज्यात त्या कशा आल्या हाच विषय होता. क्युरेटरने आपल्या कामाची पद्धतच दालनात मांडावी, हा पायंडा मला फार चांगला वाटतो.

मालकी परत केल्यावर काही काळ वस्तू तुमच्याच संग्रहालयात राहणंही शक्य असतं. कॅनबेराच्या तीन चाम मूर्तींची मालकी २०२३ मध्ये कंबोडियाकडे गेली, आणि त्यांच्यासाठी मायदेशी जागा तयार होईपर्यंत, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, कंबोडियाने त्या कॅनबेराला उसन्या दिल्या. इथे उसनं कोण देतंय हे पाहायचं. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून साताऱ्याला आलेली वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी आली, मालकी लंडनकडेच राहिली. बातम्यांमध्ये दोन्हींना "परत आली" म्हणतात, पण तुमच्या करारात हा फरक पहिल्याच कलमात यायला हवा.

पॅकिंग आणि प्रवास

निघण्याआधी स्थितिनोंद दोघांनी मिळून करावी: तुमचा जतनतज्ज्ञ आणि त्यांचा जतनतज्ज्ञ, एकाच मूर्तीपुढे उभे राहून. प्रत्येक भेगेचा फोटो, तारीख, दोघांच्या सह्या. पोहोचल्यावर पेटी उघडतानाही हीच जोडी हवी.

वालुकाश्माची मूर्ती तिच्या जुन्या तुटीवरच पुन्हा तुटते. घोटे आणि मान इथे स्वतंत्र आधार द्या. मूर्ती आडवी न्यायची की उभी हे जुन्या जोडांवर ठरवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन पट्ट्या प्रत्येकी सुमारे ६८० किलोच्या होत्या, तेव्हा विमानतळावर क्रेन आहे का आणि समोरच्या संग्रहालयाचं दार किती रुंद आहे हे आधी विचारा. लाकडी पेट्यांच्या लाकडावर उष्णताप्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का नसेल तर सीमाशुल्कात पेटी अडकते. ब्राँझवर फिकट हिरवा, भुकटीसारखा थर दिसत असेल तर ती क्लोराइडमुळे होणारी झीज असते. अशी वस्तू कोरड्या, बंद पेटीत, सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली ठेवून पाठवा, आणि पावसाळ्यात पाठवणं टाळता आलं तर टाळा. हस्तिदंताचा भाग असेल तर वन्यजीव परवान्याला महिने लागतात.

खर्च कुणी करायचा? संग्रहालयाने. विमा, पेट्या, भाडं, सोबत जाणाऱ्या माणसाचा प्रवास, सगळं. यावर घासाघीस करणं शोभत नाही. पेटी बंद करण्याआधी भिक्खूंना किंवा पुरोहितांना काही विधी करायचा आहे का हेही विचारा आणि त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. कुणी हात लावायचा, मूर्ती झोपवायची की नाही, तोंड कुठल्या दिशेला, याबद्दल त्यांच्या सूचना असतील तर त्या वाहतूक कंपनीच्या कामाच्या कागदावर लिहा, तोंडी राहू देऊ नका.

फाइल बंद करताना

वस्तू गेली म्हणून ऑनलाइन सूचीतली नोंद पुसू नका. जुना क्रमांक, फोटो, पूर्ण तक्ता, आणि "अमुक वर्षी कंबोडियाला परत" ही ओळ तशीच राहू द्या. दुसऱ्या कुठल्या तरी संग्रहालयातला क्युरेटर त्याच विक्रेत्याचं नाव शोधत असतो आणि तुमच्या नोंदीने त्याचं वर्षभराचं काम वाचतं. मेटने डिसेंबर २०२३ मध्ये लॅचफर्डशी जोडलेल्या १४ मूर्ती कंबोडियाला आणि २ थायलंडला द्यायचं जाहीर केलं, तेव्हा त्या यादीने बाकीच्या संग्रहालयांना आपल्या कपाटांकडे पाहायला भाग पाडलं.

मूळ कागदांच्या प्रती, क्ष-किरण फोटो, जतनाचे अहवाल आणि त्रिमितीय स्कॅन वस्तूबरोबर द्या. स्कॅनवर आणि फोटोंवर हक्क कुणाचा, हे करारात लिहा. मूर्ती द्यायची आणि तिच्या प्रतिमेचं भाडं आपण घेत राहायचं, हे चालणार नाही. मग त्याच विक्रेत्याकडून आलेल्या पुढच्या वस्तूची फाइल उघडा आणि नवा तक्ता आखा.